पाठवणाऱ्याचं नाव

– भाडेकरू? मी? अहो, भाडेकरूला कुणी 'गोळी घेतलीत का' म्हणून दिवसातून तीनदा विचारतं का? नाही, विचारा तुम्ही, तुमचं कामच आहे ते, मला राग नाही आला. आधी नीट बसा. दिवाणावर बसा, पंख्याखाली – मार्चमध्येच काय हे ऊन, आणि तुम्ही आर. के. पुरमचे जिने चढत-उतरत घरोघर फिरताय, सरकारी क्वार्टर कुणी पोटभाड्यानं दिलंय का ते बघत. कुणी चहासुद्धा विचारत नसेल. मी विचारते, ठेवलाय गॅसवर. आणि इथं दिल्लीत तुम्ही मराठी निघालात हे एक बरं झालं – देगलूरकर म्हणालात ना? नरसिंह देगलूरकर. म्हणजे नांदेडकडचे. मघापासून तुमच्याशी हिंदीत भांडत होते, दम लागला. आता मराठीत भांडू.

हं, तर लिहा. नाव इंदुमती शांताराम वाकणकर, ते लिहिलंय, खाली सही केलीय. वय सदुसष्ट. क्वार्टर कुणाच्या नावावर – सुरेखा वाकणकर, असिस्टंट, शास्त्री भवन. हे तुमच्याकडे आहेच. आता पुढचा रकाना, क्वार्टर ज्याच्या नावावर त्याच्याशी नातं. सासू. लिहा की, थांबलात का? – हो, घटस्फोट झालाय. जूनमध्ये दोन वर्षं होतील. पण तो तिनं माझ्या मुलाशी घेतला, माझ्याशी कुठं घेतला? शेवटच्या तारखेला मी गेले होते कोर्टात, मागच्या बाकावर बसले होते. माझं नाव कुणी पुकारलंसुद्धा नाही. – नियमात बसत नाही म्हणता. नसेल बसत. नियम करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसेल की असंही कुणी राहील. त्याला कशाला दोष द्यायचा, मला तरी कुठं वाटलं होतं?

मुलगा म्हणजे जयदीप. एकुलता एक. चांगली कृषी भवनातली नोकरी, दहा ते साडेपाच, सगळं सुरळीत. मग त्या नव्या कंपन्या आल्या, ह्याचे दोन मित्र सरकारी नोकरी सोडून टाय लावायला लागले, आणि ह्याला ऑफिसात गुदमरायला व्हायला लागलं. पंचाण्णवला राजीनामा देऊन आला, पेढे घेऊन – पेजर विकायच्या कंपनीत लागला. पेजर आठवतो ना? कमरेला लावायचा, तो टीं-टीं वाजायचा आणि मग माणूस फोन शोधत गल्लीभर पळायचा. पगार तिप्पट आणि खर्च पाचपट. गाडी हप्त्यावर, गुडगावला बिल्डरकडे फ्लॅट, तोही हप्त्यावर, खिशात दोन कार्डं – मला म्हणाला, आई, ह्याच्यात पैसे नसले तरी चालतात. मी म्हटलं, अरे, मग संपले कधी हे कळणार कसं? तर हसला. वाईट नाही हो तो. शेजाऱ्याच्या मुलाला वाढदिवसाला सायकल देईल, आणि स्वतःच्या मुलीची फी राहून जाईल. समोरच्याचा चेहरा खुलला पाहिजे, एवढंच त्याला पाहिजे असतं. घरातल्यांचे चेहरे काय, रोजचेच.

मग वसुलीवाले यायला लागले. तुम्ही बसलाय ना, तिथंच बसायचे, दोन-दोन तास. सुरेखा ऑफिसातून यायची, पर्स ठेवायची, त्यांना पाणी द्यायची आणि विचारायची, 'कितना है?' पहिल्यांदा तिनं स्वतःच्या पाटल्या मोडल्या. दुसऱ्यांदा प्रॉव्हिडंट फंडातून काढले. तिसऱ्यांदा जो माणूस आला त्याला तिनं पाणी दिलं, आकडा विचारला आणि खाली बसली. कारण तो आकडा पहिलाच होता. पाटल्यांचे पैसे ह्यानं भरलेच नव्हते – त्यातून तिच्यासाठीच वॉशिंग मशीन आणलं होतं, सरप्राइज म्हणून. – हसा, हसा. मीही आत जाऊन हसले होते, आणि मग ते हसू थांबेना, तेव्हा कळलं की हे हसू नाही. आणि हेही कळलं की ही आता ह्याच्याबरोबर राहायची नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. दोरीवरचे सगळे कपडे काढून आणले आणि बसून घड्या घातल्या, ओल्या कपड्यांच्यासुद्धा.

मी इथं कशी राहिले, हा तुमचा खरा प्रश्न. सांगते. निकाल लागला त्याच्या पुढच्या रविवारी जयदीप टेम्पो घेऊन आला. त्याचं सामान न्यायचं होतं, आणि माझी ट्रंक. आई मुलाकडे जाणार, ह्यात विचारायचं काय? त्यानं विचारलं नाही, तिनं विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. साडी बदलून तयार होऊन बसले. ट्रंक खाली गेली. माझी नात, मैत्रेयी, तेव्हा आठ वर्षांची, गॅलरीत उभी – मला म्हणाली, 'आजी, तुझा पण डिव्होर्स झाला का आमच्याशी?' दिल्लीत वाढलेलं पोर, जे मनात ते तोंडात. मी निरोप घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर चहाचे दोन कप. एक सुरेखाचा, एक माझा, रोजच्यासारखा, माझ्या कपावर बशी झाकलेली. ती पाठ करून उभी होती. मी खाली गेले आणि टेम्पोवाल्याला म्हटलं, 'भैया, वो काला ट्रंक उतारो.' जयदीप म्हणाला, आई, काय करतेस? मी म्हटलं, नववा मजला आहे रे तुझा, लाइट गेली की लिफ्ट बंद, आणि माझे हे गुडघे. एवढंच बोलले. वर आले तोवर चहा गार झाला होता, पण प्यायले.

आता पैशांचं. कोर्टानं मुलीच्या खर्चासाठी महिना दोन हजार ठरवून दिले. सुरेखानं स्वतःसाठी काही मागितलंच नाही, तिच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. चार महिने पैसे आले. नोव्हेंबरात नाहीत, डिसेंबरात नाहीत. इकडे फंड रिकामा, पाटल्या गेलेल्या, ऑफिसच्या सोसायटीतून ह्याच्याचसाठी काढलेलं कर्ज दर महिन्याला पगारातून कापलं जातंय, आणि वर शाळेची फी. मी माझं पेन्शन पुढं केलं. आमचे हे सी.पी.डब्ल्यू.डी.त होते, त्यांचं फॅमिली पेन्शन मला मिळतं, आता साडेतीन हजार होतं. तिनं हात लावला नाही. म्हणाली, 'आई, तुमचे पैसे तुमच्यापाशी राहू देत. उद्या कुणी म्हणायला नको, सासूला ठेवलंय ते पेन्शनसाठी.' बघा, तुम्ही आज जे विचारायला आलात ते तिनं तेव्हाच ओळखलं होतं. म्हणून लिहा, ठळक लिहा – अलॉटी, म्हणजे सुरेखा, सदर स्त्रीकडून एक पैसाही घेत नाही.

म्हणजे – घेत नाही असं तिला वाटतं.

चहा उतू जाईल. आलेच.

– हा घ्या. साखर बेताचीच आहे. कुठं होते मी? – नाही, तसं काही नाही, तोंडातून गेलं. – बरं, अर्धवट ऐकून तुम्ही भलतंच लिहाल, त्यापेक्षा पूर्ण ऐका. पण पेन खाली ठेवा. पेन ठेवल्याशिवाय मी बोलणार नाही. – हं.

डिसेंबर संपत आला तेव्हा सुरेखा परत वकिलाकडे जायचं म्हणायला लागली. पैसे थकवले की वॉरंट निघतं, महिनाभर आतसुद्धा टाकतात म्हणे. मुलगा आहे हो माझा. कसाही असला तरी त्याला बेड्या घालून नेतायत हे मला बघवलं नसतं. आणि दुसरीकडे ही, सकाळी साडेसहाला उठून दोन पोरींच्या शिकवण्या घेऊन मग ऑफिसला पळणारी. मग मला सुचलं. सुरेखा माझे पैसे घेत नाही, पण जयदीपचे घेईल, ते तिच्या मुलीच्या हक्काचे आहेत. तर मग मनीऑर्डर जयदीपच्या नावानं आली तर? तीन जानेवारीला पेन्शन काढलं, पोस्टात गेले, फॉर्म हातात घेतला आणि थांबले. आर. के. पुरमचा शिक्का बसला की ही ओळखणार. सरकारी नोकरीतली बाई, ती आधी शिक्का बघते आणि मग मजकूर वाचते. म्हणून मी गुडगावला गेले.

हो, बसनं. इथून धौला कुआँ, तिथून हरयाणा रोडवेज. घरी सांगितलं, मलई मंदिरात जाते, रांग असते, वेळ लागेल. आणि मग दर महिन्याला तेच. सदुसष्टाव्या वर्षी खोटं बोलून घराबाहेर पडायला काय मजा येते, ती तुम्हाला आत्ता कळायची नाही. कंडक्टर ओळखायला लागला – 'अम्मा, आ गई तनखा?' म्हणायचा आणि खिडकीची जागा करून द्यायचा. रस्त्याच्या कडेला ते काचेचे इमले उठत होते, दर महिन्याला एक-एक मजला वर. मी मोजत जायचे. पोस्टात दोन हजार भरायचे, वर शंभर रुपये कमिशन – ते फार जिवावर यायचं – आणि मग बसस्टँडवर छोले-कुलचे. उभ्यानं, वर हिरवी मिरची. मला बी.पी. आहे. हेही लिहू नका.

मनीऑर्डर दोन-चार दिवसांत इथं यायची. सुरेखा ऑफिसात असायची, म्हणून मी पोस्टमनला सांगून ठेवलं होतं, 'मॅडम शनिवार को मिलेंगी.' मग शनिवारी मीच दार उघडायचे आणि मीच हाक मारायचे, 'सुरेखा, अगं, जयदीपची मनीऑर्डर आलीय.' चेहरा असा ठेवायचा. हा, असा. पहिल्या वेळी तिनं सही केली, शंभराच्या वीस नोटा मोजल्या आणि मला म्हणाली, 'तुमच्या मुलाला अक्कल यायला दोन महिने लागले.' मी म्हटलं, 'माझ्यावर गेलाय.'

– भाडं? कसलं भाडं? देगलूरकर, पेन उचललंत तुम्ही. ठेवा ते. अहो, भाडं घेणाऱ्याला निदान माहीत तरी असतं की आपण भाडं घेतोय. – पैसे कुणाकडून कुणाकडे गेले एवढंच बघतात? मग असं बघा, माझे पैसे गेले माझ्या मुलाच्या नावावर, आणि त्याच्या नावावरून गेले त्याच्या मुलीच्या शाळेत. ह्यात तुमचं क्वार्टर आलं कुठं? – हां. तुम्हालाही ठरवता येत नाहीये ना? मग ऐका पुढचं.

त्या फॉर्मवर खाली निरोपाची जागा असते, दोन ओळींची. मी ती रिकामी सोडायला हवी होती. पण रिकामी जागा दिसली की मला राहवत नाही. अक्षराची अडचण नव्हती – जयदीपला मीच गिरवून घेऊन शिकवलंय, त्याचं अक्षर म्हणजे माझंच, फक्त घाईतलं. मी जरा घाईत लिहायचे, झालं. पहिल्या महिन्यात लिहिलं, 'मैत्रेयीला आशीर्वाद.' मग 'मैत्रेयीच्या गणिताकडे लक्ष दे.' मग – सांगू का? – 'आईचे गुडघे दुखतात, तिला सांभाळ.' पुढच्याच आठवड्यात सुरेखानं गुडघ्यांना लावायचं तेल आणलं. थोडी लाजले मी, पण तेल चांगलं होतं. मग एकदा लिहिलं, 'आईला रोज संध्याकाळी खाली फिरायला ने,' आणि पस्तावले, कारण ती खरंच न्यायला लागली. डिसेंबरच्या धुक्यातसुद्धा, कानटोपी घालून. आणि हळूहळू ती जयदीपबद्दल वेगळं बोलायला लागली. 'आई, एवढं लक्ष होतं का हो त्याचं घरात? मलाच दिसलं नाही का?' मी भाजी चिरत बसायचे, मान वर करायचे नाही.

आणि नोव्हेंबरात तर – जाऊ दे ते.

– नाही, गुन्हा नाही. निदान तुमच्या खात्याचा नाही. – बरं. ऑक्टोबरात सुरेखाला टायफॉइड झाला. वीस-बावीस दिवस पडून होती. एका दुपारी मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आणि ती डोळे न उघडता म्हणाली, 'आई, त्याचे पैसे नको होते मला. एकदा 'चुकलं' म्हणाला असता तर पुरे होतं.' तापातलं बोलणं, तिला आठवतही नसेल. माझ्या मात्र डोक्यातून जाईना. नोव्हेंबरच्या मनीऑर्डरीवर मी लिहिलं, 'माझं चुकलं.' दोनच शब्द. त्या शनिवारी तिनं सही केली आणि पैसे मोजलेच नाहीत. तो कागद घेऊन आत गेली. अजून आहे तिच्या कपाटात, साड्यांच्या मध्ये. मी बघितलाय. – हो, दुसऱ्याचं कपाट उघडू नये, खरंय तुमचं. तुम्ही लोकांच्या घरात शिरून मोजता किती माणसं आहेत, आणि मला सांगताय.

आता माझं कुठं चुकलं ते ऐका, कारण तुमची ही फाइल तिथूनच निघालीय. मनीऑर्डर पोचली की पैसे घेणाऱ्याच्या सहीची पावती पाठवणाऱ्याला जाते. पाठवणाऱ्याचं नाव जयदीप, पत्ता जयदीपचा. म्हणजे दर महिन्याला त्याच्या नवव्या मजल्यावर एक पावती – दोन हजार मिळाले, सही सुरेखा वाकणकर. त्यानं कधी न पाठवलेल्या पैशांची. ते मला माहीत होतं. मुद्दामच तो पत्ता दिला होता मी. मला वाटलं, एक पावती बघेल, दुसरी बघेल, लाज वाटेल आणि स्वतः पाठवायला लागेल, मग मी गुपचूप बाजूला होईन. पावतीवर पत्ता माझ्या अक्षरात. पहिल्याच महिन्यात कळलं असणार त्याला, आई काय करतेय ते. एक फोन नाही केला. पावत्या पंच करून फाइलला लावत गेला.

फेब्रुवारीत एका रविवारी आला. वेगळं झाल्यापासून पहिल्यांदाच वर आला. मिठाई आणली, मैत्रेयीला घड्याळ आणलं – कुठल्या पैशांनी ते मी विचारलं नाही. पेजर आता कुणी घेत नाही, सगळ्यांना मोबाइल पाहिजे; नोकरी डळमळतेय, गाडी उचलून नेली, फ्लॅटचे हप्ते थकलेत. कुणी एक फायनान्सवाले आहेत, ते सगळी कर्जं फेडून एकच मोठं कर्ज द्यायला तयार आहेत, फक्त जामीन पाहिजे. सरकारी नोकरीतला. आणि त्यानं सुरेखासमोर ती पावत्यांची फाइल उघडली. 'चौदा महिने, सुरेखा. एक खाडा नाही. मी बदललोय.' माझ्यासमोर म्हणाला, देगलूरकर. ह्याच दिवाणावर बसले होते मी. माझ्याकडे बघितलंसुद्धा त्यानं, शाळेत मार्क लपवायचा तेव्हा बघायचा तसं. आणि मी काय केलं? मी मिठाई खाल्ली. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. सुरेखा म्हणाली, मार्च एंडिंग तोंडावर आलंय, जरा विचार करून सांगते. विचार कसला, ती त्या फाइलीकडे असं बघत होती की मला पुढचं दिसलं. उद्या त्यानं हप्ता भरला नाही – आणि तो भरणार नाही – की ते सगळं हिच्या पगारातून कापणार, रिटायर होईपर्यंत.

जिन्यापर्यंत सोडायला गेले त्याला. तिथं म्हणाला, 'आई, माझ्याकडे राहायला चल. तिकडे भरतेस ते माझ्याच हातात दे, मला जास्त गरज आहे.' म्हणजे आता लपवायचीही गरज नाही वाटली त्याला. मी नाही म्हटलं. म्हटलं, हे पैसे मैत्रेयीचे आहेत. तर म्हणाला, 'किती दिवस राहू देतील तुला इथं? तू त्यांची कोण? परकीच ना?' हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्याकडे आलेल्या अर्जात तोच आहे, हिंदीत – 'एक परायी वृद्ध महिला'.

– तुम्ही दाखवला नाहीत, मी वाचला. मघापासून फाइल उघडी ठेवून बसलाय, आणि मला उलटं वाचता येतं. जयदीपचा अभ्यास समोर बसून घ्यायचे ना, वही नेहमी उलटीच दिसायची. निनावी आहे. नाव न लिहून काय होतं? तो 'शिकायत'मधला 'श' बघा, वरची गाठ कशी भलतीकडे वळलीय. – हो, जुळतोच. माझ्या सहीतल्या 'शांताराम'चा 'श' आणि तो 'श' एकच आहे. तुम्हाला काय वाटतंय, मीच माझ्याविरुद्ध अर्ज केला? तेवढी हुशार नाही मी. शिकवलाय मी, लिहिलाय त्यानं.

रागावले नाही मी, विचारू नका. तुम्ही दार वाजवलंत आणि ते पान दिसलं, तेव्हा परत एकदा वाचलं, बस्स. त्यानं पुढचा विचार केलाच नसणार. म्हातारी बाहेर पडेल आणि पेन्शन घेऊन आपल्याकडे येईल, एवढंच त्याच्या डोक्यात. तक्रार खरी ठरली तर क्वार्टर जाईल, त्याचीच मुलगी कुठं राहील, हे त्याला सुचलंही नसेल. त्याला कुणी विचारलं तर म्हणेल, अरे, हो की.

किती वाजले? सहा वाजले. आता येईल तिची चार्टर्ड बस. काल रात्री जेवणं झाल्यावर तिनं त्या जामिनाच्या फॉर्मवर सही केली. मला दाखवली, म्हणाली, 'आई, ठीक करतेय ना मी?' आणि मी म्हटलं, दूध तापायला ठेवते. फॉर्म पर्समध्ये आहे, आणि साडेसहाला जयदीप न्यायला येणार. दिवसभर मी हेच करतेय – सांगू, नको सांगू. सांगितलं तर ती तीस हजार परत करायला बघेल, शिकवण्या वाढवेल. ते मी बघून घेईन. पण तो कपाटातला कागद, देगलूरकर. त्या सगळ्या लग्नातून तिच्या हाताला एवढे दोनच शब्द लागलेत. ते मी काढून घेऊ? आणि ती मला म्हणाली की तुम्हीही त्याच्यासारख्याच, पाठीमागून करणाऱ्या, तर मी काय बोलणार? करणारीच आहे. मग ती काळी ट्रंक आहे आणि नववा मजला आहे. – मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बरोबरीच्या बायकांना नाही, कुणालाच नाही. तुम्ही भाडेकरू म्हणालात म्हणून सुरू झालं.

बस आली. ऐकलंत ना? – नाही, उठू नका. बसून राहा तुम्ही. तुम्ही समोर असलात की मला अर्ध्यावर थांबता येणार नाही. चहा पिताय असं दाखवा.

– ये गं. हे देगलूरकर, इस्टेट ऑफिसमधून आलेत, आपल्याकडे भाडेकरू आहे का बघायला. – हो, दिलाय त्यांना चहा. पर्स ठेवू नकोस, त्यातला तो फॉर्म आधी माझ्याकडे दे. – दे म्हणते ना, कारण मग सांगते. – हं. आता मध्ये बोलू नकोस, मला परत धीर होणार नाही. सुरेखा, त्या मनीऑर्डरी जयदीपच्या नाहीत. एकही नाही. पंधराच्या पंधरा मी केल्या, माझ्या पेन्शनमधून, गुडगावला जाऊन. मंदिरात नव्हते जात मी. त्यानं तुला दाखवल्या त्या माझ्या पैशांच्या पावत्या. – खाली लिहिलेलं असायचं ते पण मी. गुडघ्यांचं, फिरायला न्यायचं, सगळं. – हो. तेही. नोव्हेंबरचंही मीच लिहिलं. त्यानं नाही म्हटलं ते. – पण खोटं नाही गं ते. तू पाटल्या मोडायला निघालीस तेव्हा मला माहीत होतं तो काय करेल, माझाच मुलगा आहे, आणि मी गप्प बसले. माझंच चुकलं होतं. तो कागद टाकू नकोस. माझा म्हणून ठेव.

…

– विचारा, तुम्ही विचारा देगलूरकर. तुमचा रकाना राहिलाय. आत्ताच विचारा तिला, मी तिची कोण ते. मी आत जाऊ का? – नको? बरं, उभी राहते.

– ऐकलंत? 'सासूबाई आहेत माझ्या.' आहेत म्हणाली. माझ्याकडे बघत नाहीये, आवाज चढलाय, पण 'आहेत' म्हणाली, 'होत्या' नाही. तसंच लिहा, तिच्या शब्दांत, आणि घ्या तिची सही. – काय गं? फॉर्म? हा घे तुझा. – फाड. अजून बारीक कर, त्यानं जोडून घेतला असता.

झालं तुमचं? मग निघा आता, देगलूरकर. खाली जिन्यात जयदीप भेटला तर त्याला काही बोलू नका, नुसतं वर पाठवून द्या. आणि जाताना दार ओढून घ्या. आम्हा दोघींना आता भांडायचंय.